हबीब तन्वीर : लोकनट आणि दिग्दर्शक

दिग्दर्शकाच्या कार्याचे मूल्यमापन करू पाहणाऱ्या समीक्षकापुढे एक अडचण नेहमीच उभी राहते. नाटककाराची संहिता मागे उरते, नटाचा लौकिक प्रेक्षकांच्या स्मरणात उरतो. परंतु दिग्दर्शकाचे म्हणून जे असते, ते प्रयोगाबरोबर विरून जाते. त्यातून तो दिग्दर्शक लोकनाट्याकडे वळलेला असेल, तर ही अडचण दुणावते. रंगमंचावर जे दिसते त्यात परंपरेचे किती, नटांचे किती आणि दिग्दर्शकाचे स्वतःचे किती, हा हिशेब मांडणे सोपे नसते. हबीब तन्वीर यांच्यासंबंधी जे सामान्यतः बोलले जाते, त्यात ह्या अडचणीला बगल देऊन ‘लोककलेचा आधुनिक रंगभूमीवर उपयोग करणारे दिग्दर्शक’ असे एक सोयीचे वर्णन केले जाते. हे वर्णन खोटे नाही. पण ते अपुरे आहे. ‘उपयोग’ ह्या शब्दातच एक गृहीत दडलेले आहे. उपयोग करणारा एक असतो आणि ज्याचा उपयोग होतो ते साधन असते. तन्वीर यांच्या उत्तर आयुष्यातील कार्याचा मोठेपणा ह्या गृहीताचा त्याग करण्यात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. आणि त्या त्यागाची कसोटी १९७४ साली भिलाईच्या एका मोकळ्या मैदानावर लागली, असे आम्हांस वाटते.

तन्वीर यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे झाला. त्या काळी छत्तीसगढ हा मध्यप्रांत-वऱ्हाडाचा भाग होता आणि उच्च शिक्षणाचा मार्ग नागपूरवरून जात असे. त्याप्रमाणे ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले व १९४४ साली पदवीधर झाले. हा तपशील मराठी वाचकाने केवळ चरित्रातील एक नोंद म्हणून सोडून देऊ नये. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत विदर्भ आणि छत्तीसगढ ह्यांचे दळणवळण अखंड होते आणि त्याच्या खुणा लोकरंजनाच्या शब्दांतही सापडतात. विदर्भात जिला ‘खडी गंमत’ म्हणतात, तिच्या नावातील ‘गंमत’ छत्तीसगढी नाचात ‘गम्मत’ होऊन येते. नाचाच्या मधोमध रंगणारे प्रहसन ते हेच. ज्या नाचात वादक उभे राहून साथ करतात, त्याला तिकडे ‘खडा साज’ असे नाव होते. जोक्कड आणि परी, म्हणजे विदूषक आणि स्त्रीवेषातील पुरुष, ह्या दोन पात्रांभोवती रात्रभर चालणारा हा खेळ तमाशाच्या सोंगाड्याशी व नाच्याशी परिचित असलेल्या प्रेक्षकाला परका वाटण्याचे कारण नाही. सारांश, तन्वीर यांचा विचार करताना आपण आपल्याच शेजारघराचा विचार करीत असतो.

१९४५ साली ते मुंबईस आले. आकाशवाणी, चित्रपट, वृत्तपत्रांतील लेखन अशा अनेक वाटा त्यांनी चोखाळल्या. परंतु त्यांच्या घडणीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो प्रगतिशील लेखक संघ आणि ‘इप्टा’ यांचा सहवास. त्याच परिवारात अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या वाणीने मुंबईचा कामगार भारला जात होता. तमाशाचा बाज आणि राजकीय आशय यांची सांगड घालता येते, हे मुंबईने त्या दशकात प्रत्यक्ष पाहिले होते. १९५४ साली दिल्लीत तन्वीर यांनी ‘आग्रा बाज़ार’ सादर केले. नज़ीर अकबराबादी ह्या जनकवीवरील हे नाटक. पण त्यात नज़ीर स्वतः रंगमंचावर येतच नाही. त्याची कविता काकडीवाल्याच्या, लाडूवाल्याच्या, फकिराच्या तोंडी ऐकू येते. जामिया मिल्लियातील विद्यार्थी आणि ओखल्याचे ग्रामस्थ यांच्याकडून हे नाटक त्यांनी करविले. कवीला पडद्याआड ठेवून त्याचे शब्द बाजाराच्या हवाली करणे ही कल्पना त्यांच्या पुढील सर्व वाटचालीचे बीज होय. कर्त्याने दूर व्हावे आणि कृतीने लोकांच्या तोंडी राहावे, ही ती कल्पना. मात्र दिग्दर्शक म्हणून स्वतः दूर होण्याची विद्या त्यांना अद्याप साधलेली नव्हती. ती साधण्यास पुढे जवळजवळ वीस वर्षे लागली.

१९५५ साली ते इंग्लंडला गेले. लंडनच्या ‘राडा’ ह्या नाट्यविद्यालयात व नंतर ब्रिस्टल येथे त्यांनी शिक्षण घेतले. १९५६ साली ते बर्लिनला पोहोचले तेव्हा ब्रेख्तचे नुकतेच निधन झाले होते. त्याच्या नाट्यसंस्थेचे प्रयोग मात्र त्यांना महिनोन्‌महिने पाहता आले. येथे एका रूढ समजुतीचा विचार करणे आवश्यक आहे. ब्रेख्तपासून तन्वीर यांनी लोकनाट्य शिकले, असे म्हणण्याचा एक प्रघात आहे. वस्तुतः गाण्याने कथा थांबविणे, नटाने प्रेक्षकांशी थेट बोलणे, एका प्रदक्षिणेत गाव बदलणे, ह्यांपैकी काहीही भारतीय नटाला जर्मनीतून आणावे लागत नाही. ब्रेख्तने त्यांना दिला तो आत्मविश्वास. घरात जे पडलेले आहे ते जुनाट नसून आजच्या माणसाच्या प्रश्नांना पुरून उरणारे आहे, ही ग्वाही त्यांना दूरदेशी मिळाली.

१९५८ साली रायपूरला परतल्यावर त्यांनी रात्रभर नाचा पाहिला आणि मदनलाल, ठाकूरराम, भुलवाराम, लालूराम आदी सहा कलावंतांना दिल्लीस आणले. ‘मृच्छकटिका’च्या आधारे केलेल्या ‘मिट्टी की गाडी’त हे नट उभे राहिले. १९५९ साली, पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी ‘नया थिएटर’ची स्थापना केली. बाह्यतः पाहता सर्व काही जुळून आले होते : संस्कृत प्रकरण, लोकनट आणि युरोपात शिकून आलेला दिग्दर्शक. परंतु प्रयोगात काहीतरी अडत होते. गावच्या चौकात जे नट सिंहासारखे वावरत, तेच येथे अवघडलेले दिसत. ह्या अडचणीची कारणे तन्वीर यांनी पुढे स्वतःच सांगितली आहेत. पहिले कारण भाषेचे. छत्तीसगढीत ज्यांची जीभ तलवारीसारखी चालते, त्यांना आपण खडी बोली बोलावयास लावतो आणि मग त्यांच्या अभिनयाची धार कुठे गेली म्हणून शोधतो. दुसरे कारण हालचालींचे. उजवीकडून तीन पावले, मग डावीकडे वळणे, अशी आखीव हालचाल ज्यांनी कधी केलीच नाही, त्यांच्यावर ती लादली की त्यांचे लक्ष पायांकडे जाते आणि प्रेक्षकांवरून उडते.

ही दोन कारणे तांत्रिक वाटली तरी त्यांचा अर्थ फार खोल जातो. नाट्यशाळेत शिकलेल्या दिग्दर्शकाची सत्ता मुख्यतः दोन गोष्टींवर उभी असते : ठरलेला शब्द आणि ठरलेली जागा. ह्या दोन्ही गोष्टी सोडावयाच्या म्हणजे आपल्या विद्येचा मोठा भाग सोडावयाचा. १९७० नंतर तन्वीर यांनी त्या सोडल्या. १९७३ साली रायपूर येथील शिबिरात नाचाच्या जुन्या गमती एकत्र गुंफून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक उभे राहिले. त्यात नट आपल्या बोलीत बोलले, सुचेल तसे वावरले आणि दिग्दर्शकाने निवड, जोडणी व काटछाट एवढेच काम स्वतःकडे ठेवले. हे काम कमी योग्यतेचे नाही. शंभर सुचलेल्या गोष्टींतून दहा राखण्यासाठी लागणारी दृष्टी ही ज्याला त्याला लाभत नाही. परंतु ह्या कामाची जात वेगळी आहे : येथे दिग्दर्शक हा पहिला प्रेक्षक होतो.

ह्या पार्श्वभूमीवर भिलाईचा प्रसंग पाहावयास हवा. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी येथे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतर देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली आणि आखीव सेक्टरांचे एक नवे नगर वसले. परंतु ह्या नगराच्या वेशीवर दुर्ग जिल्ह्यातील जुनी गावे आपल्या पंथी नृत्यासह, नाचासह आणि पंडवानीसह जशीच्या तशी होती. १९७४ साली तन्वीर भिलाईत शिबिर घेत होते. विजयदान देथा यांची एका सत्यवचनी चोराची राजस्थानी लोककथा त्यांच्या मनात घोळत होती. नाटक अर्धवटच बसलेले होते. त्याच वेळी मैदानावर सतनामी समाजाचा मेळावा भरला होता. तन्वीर यांनी सांगितल्याप्रमाणे, तेथे जमलेल्या प्रचंड समुदायापुढे ‘चोर चोर’ ह्या नावाने सुमारे पन्नास मिनिटांचा हा कच्चा खेळ उघड्यावर करण्यात आला.

ही निवड योगायोगाची असली तरी तिच्यात औचित्य होते. गुरु घासीदास (जन्म १७५६) यांनी उपदेशिलेल्या सतनाम पंथाचे अधिष्ठानच सत्य हे आहे. ज्यांना वर्णव्यवस्थेने देवळाबाहेर ठेवले, त्यांनी सत्यालाच देव मानले. अशा लोकांपुढे खोटे न बोलणाऱ्या चोराची कथा मांडणे म्हणजे त्यांच्या श्रद्धेची परीक्षा घेणे नव्हे काय? आणि ती परीक्षा दिग्दर्शकाचीही होती. तयार नाट्यगृहातील जाणत्या प्रेक्षकाला पन्नास मिनिटांचा कच्चा खेळ दाखविणे त्या मानाने सोपे. ज्यांची कथा आहे त्यांनाच ती दाखविणे कठीण. हीच कथा पुढे ‘चरणदास चोर’ (१९७५) म्हणून पूर्ण झाली, आणि पंथी गीत व नृत्य तिच्यात असे मिसळले की ते काढून घेतल्यास नाटकाचा कणाच निघून जावा.

आता नाटकाकडे वळू. चरणदास हा सराईत चोर शिपायाला चुकवीत एका गुरूपाशी येतो आणि थट्टेत चार प्रतिज्ञा करतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. ज्या गोष्टी ह्या जन्मी मिळणेच शक्य नाही त्या सोडण्यात कसली अडचण? गुरू पाचवी प्रतिज्ञा मागतो : खोटे बोलणार नाही. चोराच्या धंद्यात हीच तेवढी खरी अडचणीची. नाटकाची सर्व रचना ह्या विनोदातून उलगडते. चरणदास मालगुजाराचे धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो. राजकोशातून पाच मोहरा नेतो आणि विचारल्यावर तसे सांगतो. दहा मोहरा नाहीशा झाल्या असल्याने उरलेल्या पाच कोणी घेतल्या, हे आपोआप उघड होते. एका चोराच्या खरेपणामुळे राजदरबारातील चोर उघडे पडतात. आणि मग, ज्या चार गोष्टी अशक्य म्हणून थट्टेत सोडल्या होत्या, त्या एकेक करून राणीच्या हातून त्याच्यापुढे येतात. हसता हसता प्रेक्षक अशा ठिकाणी येऊन पोहोचतो की परतीची वाट बंद झालेली असते. निदान घडलेले बाहेर बोलू नकोस, एवढेच राणी अखेरीस मागते; तेही चरणदासाला देता येत नाही आणि तो मारला जातो.

ही शोकांतिका आहे काय? रूढ व्याख्येने पाहता नाही. चरणदासाच्या मनात द्वंद्व नाही, आत्मज्ञानाचा क्षण नाही, तो थोर कुळीचाही नाही. त्याला जगावयाचे आहे आणि तो मरणाला भितोही. परंतु दिलेला शब्द मोडणे त्याला जमत नाही. जसे एखाद्या कारागिराला वाकडी वीट लावणे जमत नाही तसे. सत्य हे येथे तत्त्वज्ञान म्हणून येत नाही, ते सवय म्हणून, जवळजवळ धंद्यातील इमान म्हणून येते. म्हणूनच ही भूमिका भावविवश अभिनयाने कोसळते आणि नाचाच्या जोक्कडाच्या हाती उभी राहते. प्रारंभी मदनलाल, पुढे गोविंदराम निर्मलकर आणि दीपक तिवारी ह्यांनी चरणदास उभा केला. फिदाबाई मरकाम यांनी राणी केली. शेवटच्या प्रसंगापर्यंत हा माणूस विनोदीच राहतो, हे ह्या नटांच्या शिक्षणाचे फळ आहे. रात्रभर हसविणाऱ्याला हसू कुठे थांबते हे ठाऊक असते. संस्कृतप्रचुर हिंदीत हेच संवाद म्हटले असते तर चरणदास हुतात्मा झाला असता. छत्तीसगढीत तो माणूस राहिला. १९८२ साली एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात ह्या नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ हा सन्मान मिळाला. भाषेचे एक अक्षर न कळणाऱ्या प्रेक्षकांनाही ही माणुसकी पोहोचली, असाच त्याचा अर्थ.

ह्याच कथेवर श्याम बेनेगल यांनी १९७५ साली बालचित्र समितीसाठी कृष्णधवल चित्रपट केला. ‘नया थिएटर’चे नट त्यात आहेत, लालूराम चरणदास झाले आहेत, आणि स्मिता पाटील यांचे चित्रपटातील पदार्पणही ह्याच कृतीतले. चित्रपट गोड आहे, आणि ह्या नटांचे चेहरे त्याने जपले, हे त्याचे मोठे ऋण आहे. तथापि नाटक आणि चित्रपट यांच्यातील अंतर येथे स्पष्ट दिसते. नाचाचा नट प्रेक्षकांच्या हशाकडे कान ठेवून पुढचे वाक्य टाकतो; कॅमेऱ्याला कान नसतात. संकलनाने वेळ एकदा ठरली की ती कायमची ठरली. ज्या दोन बंधनांतून तन्वीर यांनी नटाला सोडविले होते, ती ठरलेला शब्द आणि ठरलेली जागा, चित्रपटाच्या स्वभावातच बसलेली आहेत.

मग चित्रपटाला परंपरेशी असे नाते जोडताच येत नाही काय? जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा (१९१०–१९९८) यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १९५७ साली त्यांनी ‘मॅक्‌बेथ’ची कथा मध्ययुगीन जपानात नेली आणि तिच्यातील लेडी मॅक्‌बेथला नो नाट्याच्या मुखवट्याची निश्चलता व पावलांची लय दिली. त्याहून अधिक समर्पक त्यांची १९४५ सालची एक लहानशी कृती आहे. नो आणि काबुकी ह्या दोन्ही रंगभूमींवर पूज्य मानलेली एक सरदारी कथा त्यांनी घेतली आणि तिच्यात मुळात नसलेला एक हमाल घातला. ती भूमिका एनोकेन ह्या लोकप्रिय विनोदी नटाला दिली. थोरांच्या त्या नाटकाकडे आता एक सामान्य माणूस तोंड वेंगाडून पाहू लागला आणि सर्व अर्थ बदलला. हा चित्रपट १९५२ पर्यंत प्रदर्शितच होऊ शकला नाही. विदूषकाला मध्यभागी आणून अभिजात कथेचा तोल बदलणे, हे कुरोसावा व तन्वीर यांच्यातील साम्य होय. भेद असा की, नो ही घराण्यांनी जपलेली, प्रतिष्ठा पावलेली कला. तिच्यापासून दिग्दर्शकाने रूप घेतले तरी ती कला अबाधित राहते. नाचाला असे कवच नव्हते. तेथे रूप घेऊन नटाला मागे ठेवणे म्हणजे नटाचे सर्वस्व घेणे झाले असते. १९९३ साली तन्वीर यांनीही ‘कामदेव का अपना, बसंत ऋतु का सपना’ ह्या नावाने शेक्सपिअर रंगभूमीवर आणला, तेव्हा त्यातील कारागीर-नटांच्या भूमिका छत्तीसगढी बोलणाऱ्या खऱ्या लोकनटांनी केल्या.

हा मुद्दा मराठी रंगभूमीला विशेष लागू आहे. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) असो, तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) असो, की पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) असो. ह्या कृतींचे वाङ्मयीन व प्रयोगीय मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांतून तमाशाचे, खेळ्यांचे, कीर्तनाचे रूप शहरात आले, तमासगीर बहुधा आला नाही. गण-गवळण आपल्या नाट्यगृहात पोहोचली, आणि फडावरच्या नटाची पाले मात्र जत्रेच्या मैदानातच राहिली. अण्णा भाऊंसारखा, त्याच मातीतून आलेला आणि स्वतःच लिहिणारा कर्ता हा ह्या नियमाचा अपवाद होय. पण अपवादाने नियम बदलला नाही. छत्तीसगढी नट मात्र रूपाबरोबर आला, आपली बोली घेऊन आला. आपल्या समीक्षेने ‘लोकनाट्याचा वापर’ ह्या शब्दप्रयोगावर समाधान मानले, ह्याचे एक कारण हेही असेल की, वापरानंतर नटाचे काय, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारला नाही.

तन्वीर यांच्या कार्याला मर्यादा नाहीत असे नाही. नट आपली गोष्ट आपल्या बोलीत सांगू लागले, तरी कोणती गोष्ट सांगावयाची आणि कोणापुढे, हे शेवटी दिग्दर्शकच ठरवीत होता. नटांनी उत्स्फूर्तपणे निर्माण केलेल्या संवादांचे पुस्तक झाले तेव्हा मुखपृष्ठावर एकच नाव आले. सामूहिक निर्मितीला एका कर्त्याचे नाव देण्याची ही छापील संस्कृतीची खोड तन्वीर यांनाही मोडता आली नाही. शिवाय, नाचाच्या रात्रभराच्या पसरट, बेशिस्त वैभवातून दोन तासांचे रेखीव नाटक घडविताना काही हरवलेच असणार. ‘बहादुर कलारिन’ (१९७८) सारख्या, दुर्ग परिसरातील दंतकथेवर बेतलेल्या गंभीर नाटकात तर ह्या नटांचा विनोद बांधून ठेवावा लागल्याचा ताण जाणवतो.

आणखी एक घटना ह्या विचारातून वगळता येणार नाही. ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे तन्वीर यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, सतनामी समाजातील काही धुरीणांच्या आक्षेपावरून छत्तीसगढ शासनाने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर प्रतिबंध घातला. ज्या समाजाच्या मेळाव्यात हे नाटक जन्मले, त्याच समाजाच्या नावाने ते दूर सारले गेले. ह्या घटनेचा निषेध करणे सोपे आहे आणि तो करावयासही हवा. कारण प्रतिबंधाने कोणत्याही कलाकृतीचा न्याय होत नाही. पण समीक्षकाने त्यापुढे एक पाऊल जाऊन विचारावयास हवे की, मैदानावर जे हसत स्वीकारले गेले ते छापील पानावर अपमानास्पद का वाटले? मैदानावर शब्द आपल्याच माणसाच्या तोंडून, आपल्याच गाण्याच्या संगतीत आले होते. पुस्तकात ते एकटे पडले. बोलीतला विनोद बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावाचून वाचला की तो टोचू लागतो. म्हणजे ज्या नटावर तन्वीर यांची सर्व कला उभी होती, त्याच्या अनुपस्थितीत ती किती असुरक्षित होते, ह्याचेच हे दुःखद प्रमाण होय.

तन्वीर यांना १९८३ साली पद्मश्री व २००२ साली पद्मभूषण मिळाले. त्यांच्या नटांपैकी गोविंदराम निर्मलकर यांना २००९ साली पद्मश्री मिळाली. गावच्या चौकातील जोक्कडाचे नाव राष्ट्राच्या सन्मानसूचीत दिग्दर्शकाच्या नावाखाली, पण त्याच सूचीत, लिहिले गेले. कोणत्याही दिग्दर्शकाच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्याने काय निर्माण केले, हे आपण विचारतोच. हबीब तन्वीर यांच्या कार्याने त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे : त्याने कोणाला बोलू दिले, आणि त्यासाठी स्वतःचे किती सोडले? मराठी रंगभूमीच्या गेल्या शतकाचा आढावा ह्या प्रश्नाच्या प्रकाशात नव्याने घेतला जाणे अगत्याचे आहे.